तासाभराची गोष्ट, चारित्र्याची नव्हे

गेल्या पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला आणि पंधरा मिनिटांत सभेचे दोन तट पडले. शाळा समितीवरचे एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. या फोननं पोरं हातची गेली, पाठांतर गेलं, डोळे गेले, मोठ्यांचा मान गेला. फोन दिसला की मास्तरांनी सरळ फोडावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना उत्तर द्यायला पुण्यात नोकरी करणारा आमचाच एक माजी विद्यार्थी उभा राहिला. जग एआयवर गेलं आणि तुम्ही अजून छडीवरच आहात, हा त्याचा मुद्दा. दोघांनाही टाळ्या पडल्या, आणि वाजवणारे बरेचसे तेच होते. गृहस्थांचा फोन त्यांच्या भाषणात दोनदा वाजला. पहिल्यांदा त्यांनी तो कट केला, दुसऱ्यांदा ‘हां, मीटिंगमधी आहे, बोल’ म्हणत उचलला.

हाच सामना सध्या वर्तमानपत्रांत आणि चॅनेलांवर रंगलाय. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली, तेव्हापासून तर त्याला ऊतच आलाय. एक बाजू फोनला व्यसन म्हणते, दुसरी प्रगती म्हणते, आणि फोन चांगला की वाईट यावर दोघांचा जीव खर्ची पडतो. वर्गात उभं राहणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. क्रिकेटची बॅट काही वाईट वस्तू नाही. म्हणून गणिताच्या तासाला ती मांडीवर घेऊन बसू देतात का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बारावीपर्यंतच्या वर्गात, तास चालू असताना, विद्यार्थ्याचा स्वतःचा फोन त्याच्या हातात नसावा, खिशात नसावा आणि दप्तरातही नसावा. या बाबतीत मी त्या ज्येष्ठ गृहस्थांच्या बाजूची आहे. पण हा नियम मुलं बिघडली आहेत म्हणून करायचा नाही, आणि तो फक्त मुलांसाठी तर मुळीच करायचा नाही. इथं माझं त्यांच्याशी फाटतं. नियमाचं कारण चुकलं की त्याची अंमलबजावणीही चुकते, आणि ती चुकते तेव्हा काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

बाहेरच्यांना तास म्हणजे काय याची नीट कल्पना नसते. दहावीला पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करून दाखवायचं असतं. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा. एका त्रिकोणाचे दोन झाले, मूळचा तिसरा. हे तिन्ही एकमेकांशी समरूप आहेत हे पटवायचं, मग बाजूंची प्रमाणं मांडायची, त्यातून दोन समीकरणं काढायची आणि ती मिळवायची. फळ्यावर दहा-बारा ओळींचं काम. सहाव्या ओळीला लक्ष उडालं की सातवी कळत नाही, आणि सातवी कळली नाही की पुढच्या पाच ओळी पोरगं नुसत्या उतरवून घेतं. लक्ष उडायला फोन वाजावाच लागतो असं नाही, खिशात थरथरला तरी पुरे. शिवाय तो एकट्याचं लक्ष नेत नाही. मागच्या बाकावर एक रील उघडली की आजूबाजूच्या तीन बाकांवरची डोकी एकाच अंगाला कलतात. माझी वर्गाकडे पाठ असते, तरी मला ते कळतं. वर्गाची बारीक कुजबुज थांबते आणि खडूचा आवाज एकदम मोठा वाटायला लागतो.

भाऊबंदांत सामाईक विहीर असते, तिची पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी नाही त्यानं मोटार चालू केली तर आपण भांडतो ते तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. दुसऱ्याचं पाणी जातं म्हणून भांडतो. साठ पोरांचा चाळीस मिनिटांचा तास हा असाच सामाईक असतो. फोनचा नियम एवढ्यासाठीच हवा, आणि एवढ्यापुरताच हवा.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. तो त्या पुण्याच्या मुलानं मांडलाच नाही, मागं बसलेल्या एका आजीनं मांडला. दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि चैत्राच्या आसपास परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जाणं चुकत नाही. मागं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या पोराला आई सहा महिने फक्त फोनवर भेटते. फडातल्या कामाला घड्याळ नसतं. गाडी भरता भरता रात्र होते, पहाटे पुन्हा कोयता हातात. आईला दुपारी बाराला उसंत मिळाली तर ती बाराला फोन करणार. त्या वेळी तिच्या पोराला मी भूमिती शिकवत असते. फोन बंद ठेव, असं मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

मला हा मुद्दा खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. शहरातल्या पालकांची काळजी वेगळी असेल, रिक्षा आली का, क्लासला पोचली का. पण तीही खरीच. फक्त एवढं बघावं की आईला नक्की काय हवंय. आपला फोन कुणीतरी उचलावा आणि निरोप पोराला पोचावा, एवढंच तिचं मागणं आहे. ते शाळेनं करायचं काम आहे. शाळेचा एक नंबर, तो उचलणारा एक माणूस आणि मधल्या सुट्टीत पोराला आईशी पाच मिनिटं बोलायची मुभा. पूर्वी कार्यालयात एक फोन असायचा, तो कधीच बंद पडला. आता फलकावर शाळेचा म्हणून जो नंबर लिहिलेला असतो तो मुख्याध्यापकांचा खाजगी असतो, आणि ते तालुक्याला मीटिंगला गेले की शाळेचा फोनही तालुक्याला जातो. ही सोय न करता फोन बंदीचं परिपत्रक काढणं म्हणजे नदीवरचा पूल काढून घेऊन लोकांना पोहायला मनाई करणं.

आपल्याकडे बंदीचा अर्थ जप्ती असाच होतो. फोन सापडला, कपाटात गेला, पालकांना घेऊन ये मगच मिळेल. फोन मुलाचा असतो हे यात गृहीत धरलेलं असतं, आणि आमच्याकडे ते बऱ्याचदा खरं नसतं. तो घराचा फोन असतो. त्याच्यावर बँकेचा ओटीपी येतो, डेअरीच्या बिलाचा मेसेज येतो, उद्या कुणाच्या रानात कामाला जायचं हा निरोपही येतो. नववीतल्या एका मुलाचा फोन मी स्वतः एका शुक्रवारी कपाटात ठेवला. सोमवारी त्याचे वडील आले. रागावलेले नव्हते. एवढंच म्हणाले, ‘मॅडम, दोन दिस दुकानदाराला पैसे धाडता आले नाहीत.’ शाळेत यायला त्यांचा त्या दिवसाचा रोजही बुडाला होता. मुलानं तासाला पाच मिनिटं गेम खेळला आणि मी अख्ख्या घराला दंड केला.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं. पूर्वी मी दुसऱ्या शाळेत होते. तिथं दहावीतल्या एका मुलीकडे फोन सापडला. शिक्षकांनी तो उघडायला लावला, त्यातले एका मुलाचे मेसेज वाचले, आणि वडिलांना बोलावून त्यांच्यासमोर वाचून दाखवले. ‘जेवलीस का’, ‘पेपर कसा गेला’ यापलीकडे त्यात फारसं काही नव्हतं. शिस्त लावली असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं असावं, कारण मी तिथंच होते आणि काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यापासून ती मुलगी शाळेत आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

‘फोनमुळे पिढी बिघडते’ हे वाक्य म्हणूनच मला निरुपद्रवी वाटत नाही. मुलाच्या फोनवर अभ्यास बुडाल्याचं कीर्तन होतं, मुलीच्या फोनवर घराण्याच्या अब्रूचं. २०१९ मध्ये गुजरातेत बनासकांठ्यातल्या काही गावांतल्या ठाकोर समाजाच्या बैठकीत अविवाहित मुलींनी मोबाइल ठेवू नये असा ठराव झाला, तेव्हा आपल्याकडे बरीच टीका झाली. ती करणाऱ्यांनी आपल्या जवळच्या शाळेतल्या स्टाफरूममध्येही एकदा डोकवावं. बंदी चारित्र्याच्या नावानं घातली की शिक्षकाला फोन उघडून बघायचा अधिकार आपोआप मिळतो. तासाच्या नावानं घातली की तसा अधिकार मिळत नाही, कारण फोनमध्ये काय आहे याचा तासाशी काही संबंधच नसतो.

२०२२ साली महाराष्ट्रातल्या दोन गावांनी याच दुखण्यावर दोन औषधं काढली. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला बंदी, असा ठराव केला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं मंदिरावर भोंगा लावला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की साडेआठपर्यंत घराघरातला टीव्ही बंद आणि मोबाइलही बंद. पोरं अभ्यासाला बसतात तेव्हा बापानं शेजारी बसून रील बघायची नाही. बांशीच्या लोकांची तळमळ कमी होती असं मला म्हणायचं नाही. करोनानंतर पोरांचा हात फोनवरून निघत नव्हता, तेव्हा त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. पण बांशीनं रेघ वयावर ओढली आणि वडगावनं घड्याळावर. भोंग्याला वय कळत नाही. म्हणून त्याच्यावर रुसायलाही कुणाला जागा राहत नाही. शाळेतल्या घंटेचंही खरं म्हणजे असंच असायला हवं.

पुण्याच्या मुलाच्या मुद्द्याकडे वळते. तो अगदीच पोकळ नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आमच्याकडे पहिलीच्या पोरांना शाळेचं तोंड दिसायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला आली, ती फोनवरच. फोन नाही म्हणून पोरगं मागं पडेल, असं आम्ही शिक्षकांनीच दारोदार जाऊन सांगितलं. लोकांनी हप्त्यानं फोन घेतले, काहींनी शेळी विकून घेतले. त्याच लोकांना आज आम्ही सांगतो की फोन म्हणजे विष. त्यांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा? माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांत आले, आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज एका मराठी प्राथमिक शिक्षकाला मिळालं. हे सगळं फोनच्याच जोरावर झालं. ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

मात्र क्यूआर कोडला तो कुणाच्या फोननं उघडला याच्याशी काही देणंघेणं नसतं. शिक्षकाच्या एका फोनवर उघडा, भिंतीवरच्या पडद्यावर दाखवा, साठही जणांना दिसतं. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर आपल्या देशानं सहा राज्यांतल्या २,४०० गावांत उपग्रहावरून दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग केला होता. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी. संच सगळ्यांना येता येईल अशा जागी ठेवलेला असे. कार्यक्रमाच्या वेळी तो लावायचा, संपला की बंद करायचा. ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्या विक्रम साराभाईंपेक्षा तंत्रज्ञानावर जास्त विश्वास असलेला माणूस या देशात शोधावा लागेल, पण दर पोराच्या मांडीवर एकेक टीव्ही हवा असं त्या प्रयोगात कुणाच्या मनात आलं नाही. यंत्र वर्गाचं असणं आणि यंत्र खिशातलं असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजचे ‘डिजिटल वर्गा’वाले आणि फोनबंदीवाले दोघेही तो पुसून टाकतात.

‘फोन आणा, त्यावर शिकवू’ यात आणखी एक खोट आहे. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीवरच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. (५७ हा काही लहान आकडा नाही, ज्येष्ठ गृहस्थांनी तो टिपून ठेवावा.) स्वतःच्या मालकीचा फोन असणाऱ्यांत मात्र मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच कमी निघालं. वर्गात प्रत्येकानं आपापल्या फोनवर बघायचं म्हटलं की ज्याच्याकडे नाही तो शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावतो, आणि डोकावणारी बहुधा ती असते.

प्रत्येक नव्या गोष्टीला विरोध झालाच होता, हे वाक्यही चर्चेत हमखास येतं. एकोणिसाव्या शतकात सोवळी मंडळी छापील पुस्तकाला शिवत नव्हती, शाईत चरबी असते म्हणून. मुंबईत गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून धर्मग्रंथ आणि पंचांगं छापली आणि विरोध हळूहळू मावळला. आज आपण हसतो, उद्या फोनबंदीलाही लोक हसतील, असा युक्तिवाद. पण छापील पंचांग खुंटीवरून हाका मारत नाही. जिथं ठेवलं तिथं राहतं, आणि तुम्ही ते किती मिनिटं बघता यावर छापणाऱ्याची कमाई ठरत नाही. साम्य शोधायचंच तर आपल्याच लहानपणात शोधू. आमच्या वेळी शाळेत बॉलपेनला बंदी होती, अक्षर बिघडतं म्हणून. त्या बंदीचं आज हसू येतं. गाईडलाही बंदी होती. तिचं मला हसू येत नाही, कारण ती मागणी बरोबर होती: उत्तर स्वतः लिहा, उतरवू नका. ती बंदी का फसली हे मात्र प्रत्येकाला माहीत आहे. मास्तरांच्या टेबलाच्या खणात गाईड असायचं आणि फळ्यावरची उत्तरं त्यातूनच उतरायची.

अभ्यासकांचे पुरावे काय सांगतात? प्रामाणिक उत्तर असं की ते एका सुरात बोलत नाहीत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन संशोधकांनी इंग्लंडमधल्या ९१ शाळांची आकडेवारी मांडली. फोन बंद झाल्यावर गुण वाढले, आणि जास्त फायदा मागं पडलेल्या मुलांना झाला, हुशार मुलांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तशीच तपासणी केली तर गुणांवर परिणाम दिसला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासात फोनबंदीच्या आणि मोकळीकीच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. शाळेत वाचलेला वेळ पोरं घरी भरून काढत असावीत. तेव्हा बंदी घातली की नैराश्य जाईल, टक्केवारी वाढेल, संस्कार परत येतील, असं सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पण माझा नियम या आकड्यांवर उभाच नाही. वर्गात मोठ्यानं गप्पा मारू नयेत हे आपण कुठल्या अभ्यासाच्या आधारानं ठरवलं? एकाच्या गप्पांनी दुसऱ्याचं ऐकणं बुडतं, एवढं कारण आपल्याला पुरलं होतं.

‘फोनसोबतच जगायचंय, तर संयम वर्गातच शिकू द्या’ हा मुद्दा ऐकायला फार छान वाटतो. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवतात ते विहिरीत, पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून, आणि काठावर एक जाणता माणूस उभा असतो. नदीला पूर आला की ‘जा, शीक’ म्हणून कुणी ढकलत नाही. आणि संयमाच्या गोष्टी कुणी सांगायच्या? तिकीट काढून नाटकाला आलेल्या, दोन-अडीच तास फोन बंद ठेवा अशी आधी घोषणा ऐकलेल्या मोठ्या माणसांचे फोन नाट्यगृहात इतके वाजत होते, की २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी कंटाळून, असंच चालू राहिलं तर नाटकात काम करणं थांबवतो, असं जाहीरपणे लिहिलं. चाळिशीतल्या रसिकांना जे एका रात्री साधत नाही, ते चौदा वर्षांच्या पोरानं रोज आठ तास साधावं?

दप्तरात ठेवा पण बंद ठेवा, हा मधला तोडगाही फारसा चालत नाही. फ्रान्सनं शिकवण्याच्या वेळेत फोन वापरायला २०१० मध्येच मनाई केली होती. २०१८ मध्ये कायद्यानं ती शाळेच्या सगळ्या आवारापर्यंत नेली, आणि तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे २०० शाळांत फोन सकाळी काढून वेगळेच ठेवण्याचा प्रयोग सुरू करावा लागला. दप्तर हाताच्या अंतरावर असतं, एवढंच त्याचं कारण. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयानंही २०२५ च्या सुरुवातीला सरसकट बंदी व्यवहार्य नाही असं सांगताना, सोय असेल तिथं फोन जमा करून घ्या आणि वर्गात वापरू देऊ नका, असंच सुचवलं. इंटरनेट वापरणं हा हक्क मानणारा केरळ उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल बंदीविरोधक पुढे करतात, पण ते प्रकरण महाविद्यालयीन मुलीचं होतं, वसतिगृहातल्या संध्याकाळचं होतं. तिथं मी त्या मुलीच्या बाजूची आहे. तास संपल्यावर शाळेचा फोनवर काय हक्क?

आता जी गोष्ट कुठल्याच चर्चेत येत नाही ती. वर्गात सगळ्यात जास्त वाजणारा फोन माझा आहे. शालेय पोषण आहाराची रोजची माहिती फोनवर भरायची. यू-डायस या सरकारी शाळा-माहितीच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे अपार ओळख क्रमांक, झाडं लावल्याचे फोटो, वाचन केल्याचे फोटो, योग केल्याचे फोटो, सगळं फोनवरच. केंद्राचा एक ग्रुप, तालुक्याचा एक, विषयाचा एक, शाळेचा एक. ‘आज दुपारी बारापर्यंत न पाठवल्यास आपली जबाबदारी राहील’ असा निरोप पावणेबाराला येतो. मग मी खडू खाली ठेवते आणि नववीच्या पोरांना पुस्तक उघडून वाचत बसा म्हणते. ती पुस्तक उघडतात आणि माझ्याकडे बघत बसतात. त्याच पोरांना दुसऱ्या दिवशी मी फोनमुळे एकाग्रता कशी जाते यावर चार शब्द सुनावते. मास्तरांच्या खणातलं गाईड ते हेच.

संध्याकाळी गृहपाठही व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, कारण फळ्यावर लिहून देण्यापेक्षा ते सोपं. मग अभ्यास करायला म्हणून पोरगं फोन घेतं, आणि गृहपाठाचा फोटो शोधता शोधता पाऊण तास कुठं गेला ते त्याला कळत नाही. आंध्र प्रदेशनं २०२३ मध्ये वर्गात शिक्षकांच्याही फोनवर निर्बंध आणले, राजस्थानातही २०२४ मध्ये तसं झालं. तिथं शिक्षकांवर कामचुकारपणाचा ठपका होता, तो मला मान्य नाही. फोन काढून घेतला आणि फोनवरची माहिती मागणं तसंच ठेवलं, तर शिक्षक वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन फोन करेल, एवढंच होईल. शाळेच्या वेळात माहिती मागवायची नाही, जे लागेल ते शाळा सुटल्यावर, असा एका ओळीचा जीआर निघाला तर माझ्या मते दहा फोनबंद्यांचं काम होईल. तो निघेपर्यंत मुलांना एकाग्रतेवर भाषण देताना माझी नजर तरी खाली जायला हवी.

आमच्या शाळेनं सभेनंतर जे केलं ते फार मोठं नाही. शिंप्याकडून जाड कापडाची, चोवीस कप्प्यांची एक पिशवी शिवून घेतली, चपलांसाठी बाजारात मिळते तशी. प्रत्येक कप्प्यावर आकडा. दहावीच्या वर्गात ती फळ्याशेजारी खिळ्याला लटकते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सकाळी आल्यावर फोन कप्प्यात, मधल्या सुट्टीत ज्याला घरी बोलायचं त्यानं घ्यावा, पाच वाजता सगळ्यांचे परत. फोन उघडायचा नाही, कुणाचा कुणाला बघायचा नाही, रात्रभर शाळेत ठेवायचा नाही, आणि फोनसाठी पालकांना बोलवायचं नाही. ज्यांचे आई-बाप कारखान्यावर आहेत त्यांना कार्यालयातल्या लेखनिकांचा नंबर दिलाय, आणि लेखनिकांनी कुरकुरत का होईना तो आतापर्यंत उचललाय. पहिला कप्पा माझा. पहिल्या आठवड्यात पावणेबाराचा निरोप मला दीड वाजता दिसला. उत्तरात मी ‘तास चालू होता’ असं लिहिलं. त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, बाकी काही आलं नाही.

परवा मुख्याध्यापक वर्ग बघायला आले, मागच्या बाकावर बसले, आणि समरूपतेच्या मधोमध त्यांचा फोन वाजला. ते घाईनं बाहेर गेले. वर्ग गप्प होता. मग खिडकीजवळच्या एका मुलीनं पिशवीकडे बघत विचारलं, ‘मॅडम, सरांना कितवा कप्पा?’